प्राथमिकच्या मुलांना होमरची ओडिसी कशी सांगावी: तिसरी ते पाचवीच्या वर्गासाठी

इलियड आणि ओडिसी या दोन महाकाव्यांचा कर्ता मानला जाणारा प्राचीन ग्रीक कवी होमर आपल्याकडे शाळेत येतो तो बहुधा सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून. 'इलियडचा कर्ता कोण?' या प्रश्नाचं उत्तर पाठ झालं की विषय संपला. एकडोळ्या राक्षसाच्या गुहेत अडकलेली माणसं बाहेर कशी पडली, हे त्या उत्तरात कुठेच नसतं. आणि आठ-दहा वर्षांच्या मुलांना हवं असतं ते नेमकं तेवढंच.

मी मराठी माध्यमाच्या मुलांना ओडिसी सांगत आले आहे. ग्रीक भाषा येत नसताना आणि शाळेकडून वेगळा निधी नसतानाही हे नीट करता येतं. 'आनंददायी शनिवार'चा तास, वाचनालयातला बालविभाग किंवा सुट्टीतलं शिबिर, काहीही चालेल. काय आधी करायचं, काय टाळायचं आणि कुठे घाई करायची नाही, ते क्रमाने सांगते.

1. आधी ओडिसी घ्या, इलियड नंतर

इलियडमध्ये 24 सर्ग आणि 15 हजारांवर ओळी आहेत. ओडिसीतही 24 सर्ग आहेत, ओळी 12 हजारांच्या आसपास. पण फरक लांबीचा नाही. इलियड म्हणजे ग्रीकांनी ट्रॉय शहराशी केलेल्या, दहा वर्षं चाललेल्या युद्धाच्या शेवटच्या वर्षातले काही आठवडे. त्यात एका वीराचा राग आणि त्या रागापायी गेलेले असंख्य जीव आहेत. ते फार मोठं काव्य आहे, पण लहान मुलांना त्यात पाय ठेवायला जागा मिळत नाही. ओडिसीत ओडिसियस नावाचा एक माणूस त्या युद्धावरून घरी जायला निघालेला आहे. एवढं वाक्य तिसरीच्या मुलाला पुरतं.

इथे पुष्कळ शिक्षक एका ठिकाणी फसतात. लाकडी घोड्याची गोष्ट (पोटात सैनिक लपवलेला घोडा वापरून ग्रीकांनी ट्रॉय जिंकलं ती) इलियडमध्ये आहे असं समजून ते तिथे शोधत बसतात. ती तिथे नाही. इलियड संपतं ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्कारावर, ट्रॉय तेव्हा अजून उभं असतं. घोड्याची हकिगत ओडिसीत सांगितली जाते, आठव्या सर्गात डेमोडोकस नावाचा अंध गायक ती गातो. म्हणजे तुमचा पहिला तास घोड्यानेच सुरू करायला काही हरकत नाही.

2. वर्गात जाण्याआधी स्वतः पूर्ण वाचा

पूर्ण म्हणजे पूर्ण. मुलांसाठीचं संक्षिप्त पुस्तक वाचून शिकवायला उभं राहिलात, तर तिसऱ्याच प्रश्नाला अडकाल. मुलं विचारतात, 'बाई, ते मेंढे केवढे होते?' याचं उत्तर मूळ काव्यात असतं, संक्षेपात नसतं.

इंग्रजीतून वाचायचं असेल तर दोन वाटा. सॅम्युअल बटलरचा गद्य अनुवाद 1900 सालचा आहे, तो प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो आणि वाचायला सोपा आहे. मात्र त्यात नावं रोमन आहेत: ओडिसियसचा युलिसिस, अथीना देवीची मिनर्व्हा, समुद्रदेव पोसायडनचा नेपच्यून. दुसरा एमिली विल्सनचा, 2017 चा. तो पद्यात आहे, भाषा आजची आहे आणि ओळींची संख्या मूळ काव्याइतकीच ठेवलेली आहे. मोठ्याने वाचून बघायचं असेल तर हा घ्या.

नावांचा एकच संच ठरवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. एका तासाला युलिसिस आणि पुढच्या तासाला ओडिसियस झाला की मुलांना वाटतं, दोन वेगळी माणसं आहेत. मी ग्रीक नावं ठेवते: ओडिसियस, त्याची बायको पेनेलोपी, मुलगा टेलेमॅकस, अथीना, पोसायडन, एकडोळा राक्षस पॉलिफिमस, जादूगारीण सर्सी, बेटावरची अप्सरा कॅलिप्सो. उच्चार तंतोतंत ग्रीक नाहीत, पण मराठी जिभेला बसतात. एका तासाला तीनपेक्षा जास्त नवी नावं देऊ नका.

3. जमवायचं सामान

- भूमध्य समुद्राचा मोठा नकाशा. विकतचा नसेल तर जुन्या कॅलेंडरच्या मागे काढा. तुर्कस्तानच्या वायव्य टोकाला ट्रॉय आणि ग्रीसच्या पश्चिमेला इथाका बेट, या दोन खुणा आवश्यक.
- लोकरीचा गुंडा आणि टाचण्या, प्रवासाची वाट दाखवायला.
- डफ किंवा ढोलकी. नसेल तर बाकावर थाप चालते.
- एक मोठी गडद चादर.
- नावांच्या जाड कागदी पट्ट्या, भिंतीवर लावायला.
- प्रत्येक मुलाला एक कोरी वही. आखलेली नको, चित्रं काढायची आहेत.
- मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांना अर्ध्या पानाची चिठ्ठी. त्यात गोष्ट काय आहे आणि त्यात मृत्यूचे प्रसंग आहेत, हे स्पष्ट लिहा.

प्रोजेक्टर यादीत नाही, तो मुद्दामच नाही. कार्टून आधी दाखवलं की पुढचे सगळे तास मुलं त्याच कार्टूनमधला राक्षस काढत राहतात. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर अगदी शेवटी दाखवा.

4. आधी कानाने, मग डोळ्याने

माझं सगळ्यात ठाम मत याच पायरीबद्दल आहे. हे काव्य वाचण्यासाठी जन्मलंच नाही. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास ते आजच्या रूपाजवळ आलं असं मानतात, आणि त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचं गाणं होतं. 1933 ते 1935 या काळात मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने युगोस्लाव्हियात जाऊन तिथल्या लोकगायकांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्यांतल्या कित्येकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ते हजारो ओळींची गाणी गाताना जागच्या जागी रचत. हे शक्य होतं ठरलेल्या शब्दगुच्छांमुळे. नाव आलं की त्याला चिकटलेलं विशेषण येतं, सकाळ झाली की ठरलेली ओळ येते, आणि गायकाला पुढचं जुळवायला उसंत मिळते.

आपल्या शाहिरांचा आणि गोंधळ्यांचा आवाज ज्यांच्या कानात आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गावात कीर्तन होत असेल तर मुलांना एकदा नेऊन आणा. एकच माणूस उभ्या उभ्या गोष्ट कशी चालवतो, ते त्यांना डोळ्यांनी दिसेल.

वर्गात करायचं ते असं. ही विशेषणं मराठीत ठरवा आणि दर वेळी तीच वापरा:

नाना युक्त्यांचा ओडिसियस.
तेजस्वी डोळ्यांची अथीना.
पृथ्वी हलवणारा पोसायडन.
गुलाबी बोटांची उषा.

तुम्ही 'नाना युक्त्यांचा' म्हणून थांबा, नाव मुलं म्हणतील. दुसऱ्या तासापासून न सांगता म्हणतात. उषेची ओळ ओडिसीत वीसेक वेळा येते, म्हणून प्रत्येक नव्या दिवशी सगळ्या वर्गाने एका सुरात म्हणायचं: 'लवकर उठली, गुलाबी बोटांची उषा आली!' मागच्या बाकावरचं लक्ष नसलेलं मूलसुद्धा या ओळीला जागं होतं. पुनरुक्ती कंटाळवाणी होईल म्हणून ती गाळू नका. गाळलीत तर काव्य जातं आणि हातात नुसता गोषवारा राहतो.

ग्रीक छंदही ऐकवता येतो. या काव्याचा छंद सहा गणांचा आहे. त्यातला मूळ गण म्हणजे एक दीर्घ, दोन ऱ्हस्व. आपल्या वृत्तांत ज्याला आपण भ-गण म्हणतो, तोच. जागोजागी दोन ऱ्हस्वांऐवजी एक दीर्घ येतो आणि शेवटचा गण दोनच अक्षरांचा असतो. ओडिसीची पहिली ओळ फळ्यावर तोडून लिहा:

आन्-द्रा-मोइ / एन्-ने-पे / मू-सा-पो / लू-त्रो-पोन / होस्-मा-ला / पोल्-ला

प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या अक्षरावर डफावर थाप. मुलांना तीन-चार वेळा म्हणू द्या. अर्थ नंतर सांगा: 'हे काव्यदेवी, मला त्या माणसाबद्दल सांग, पुष्कळ वाटा भटकलेल्या, नाना युक्त्यांच्या माणसाबद्दल.' पाचवीच्या मुलांना ही ओळ वर्ष संपलं तरी पाठ असते आणि ती घरी जाऊन आजीला म्हणून दाखवतात.

5. आठ तासांची आखणी

तास 40 मिनिटांचा धरला आहे. त्यातली 20 मिनिटं सांगणं, उरलेला वेळ मुलांचा.

पहिला तास नकाशा आणि लाकडी घोडा. ट्रॉयपासून इथाकापर्यंत लोकर ताणा. सरळ रेषेत हे अंतर 500 किलोमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे मुंबई ते पणजी सरळ मोजलं तर त्याहून थोडं जास्त. मग सांगा की ओडिसियसला घरी पोचायला दहा वर्षं लागली. 'का?' हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या, पुढचे सात तास त्याच्या उत्तरातच जातात.

दुसरा तास इथाकाचा. टेलेमॅकस तान्हा असताना बाप युद्धाला गेला, आता तो विशीचा आहे. घरात 108 आगंतुक बसून खातायत, पेनेलोपीशी लग्न करायचं म्हणतायत. ती म्हणते, सासऱ्यांसाठी कफन विणून झालं की सांगते. दिवसा विणते, रात्री उसवते. तीन वर्षं कोणाला पत्ता लागत नाही.

या तासाला एक काळजी घ्या. वर्गात एखाद्याचे वडील सैन्यात असतात, आखातात असतात, आई-वडील ऊसतोडीला गेलेले असतात. टेलेमॅकसची गोष्ट त्या मुलाला फार जवळून लागते. त्याच्याकडे बघून बोलू नका, त्याला उदाहरण करू नका, 'तुला कसं वाटतं?' असं सगळ्यांसमोर विचारू नका. गोष्ट सांगा आणि तास संपल्यावर पाच मिनिटं वर्गातच थांबा. ज्याला बोलायचं असेल तो येतो.

तिसरा आणि चौथा तास सायक्लोप्सचा, म्हणजे एकडोळ्या राक्षसाचा, पॉलिफिमसचा. इथे घाई केलीत तर सगळंच वाया जाईल, म्हणून याबद्दल सविस्तर सांगते.

बाकं बाजूला सारून कोपऱ्यात चादर बांधा, ती गुहा. बारा सोबती आणि ओडिसियस आत शिरतात. चीज दिसतं, ते खातात. मग पॉलिफिमस मेंढरं घेऊन येतो आणि दाराला अवाढव्य शिळा लावतो. ओडिसियस म्हणतो, आम्ही पाहुणे आहोत, पाहुण्यांचा पाठीराखा झ्यूस आहे. राक्षस दोघांना उचलतो आणि खातो. सकाळी आणखी दोघांना. (उषेची ओळ इथे विसरू नका, मुलं अंगावर काटा आणत म्हणतात.) त्याला झोपेत मारता येत नाही, कारण ती शिळा बाहेर ढकलणं माणसांच्या आवाक्यात नाही. ही अडचण मुलांसमोर ठेवा आणि गोष्ट तिथेच थांबवा. 'तुम्ही काय केलं असतं?' तिसरा तास इथे संपतो.

चौथ्या तासाला मुलं योजना घेऊन येतात, त्या सगळ्या ऐका. मग ओडिसियस राक्षसाला मद्य पाजतो, स्वतःचं खोटं नाव सांगतो आणि ऑलिव्हच्या लाकडाच्या तापवलेल्या सोटाने त्याचा डोळा फोडतो. मराठीत 'कोणीनाही' हे नाव एका दमात, आडनावासारखं उच्चारायचं. अर्धा वर्ग शेजारचे सायक्लोप्स होऊन बाहेरून विचारतो, 'कोण मारतंय तुला?' पॉलिफिमस ओरडतो, 'कोणीनाही मारतोय!' 'मग ओरडतोस कशाला? बापाची प्रार्थना कर!' हे मुलं तासभर करत राहतील, त्यांना करू द्या.

त्यानंतरचा क्षण बहुतेक संक्षिप्त पुस्तकांत गाळलेला असतो, तो मात्र सांगाच. माणसं मेंढ्यांच्या पोटाखाली लपून सुटतात. तीन-तीन मेंढे एकत्र बांधलेले, मधल्याच्या पोटाखाली एक माणूस. ओडिसियस सगळ्यात थोरल्या मेंढ्याच्या पोटाला लोकर धरून लोंबकळतो, म्हणून तो मेंढा सगळ्यात मागे राहतो. आंधळा झालेला पॉलिफिमस त्याच्या पाठीवरून हात फिरवतो आणि विचारतो, 'तू रोज सगळ्यांत पुढे असतोस, आज मागे का रे? धन्याच्या डोळ्याचं दुःख झालं का तुला?' इतका वेळ ज्याचा राग येत होता त्या राक्षसाची इथे मुलांना दया येते. काहींना त्या दयेचाच राग येतो. बोलू द्या त्यांना.

जहाजावरून ओडिसियस स्वतःचं खरं नाव ओरडून सांगतो, आणि त्याच नावाने पॉलिफिमस आपल्या बापाला, पोसायडनला, शाप द्यायला सांगतो. इथे वर्गात वाद लावा: नाव सांगायला हवं होतं का? आणि आधी न विचारता चीज खाल्लं, ते बरोबर होतं का? दुसरा प्रश्न बहुधा मुलंच काढतात. उत्तर तुम्ही देऊ नका.

पाचवा तास वाऱ्यांच्या पिशवीचा आणि सर्सीचा. इथाकाच्या किनाऱ्यावरचे जाळ दिसतायत, ओडिसियसला झोप लागते आणि सोबती सोनं असेल म्हणून पिशवी उघडतात, तर आत कोंडलेले वारे सुटून जहाजं परत मागे ढकलतात. हा प्रसंग छोटा आहे, पण मुलं कपाळावर हात मारून घेतात. सहाव्यात गाण्याने खलाशांना मृत्यूकडे ओढणाऱ्या सायरन, सहा तोंडांची राक्षसीण स्किला आणि सूर्यदेवाची गुरं. सायरनचा खेळ करताना कोणालाही खरोखर दोरीने बांधायचं नाही. ओडिसियस झालेल्या मुलाने खांब धरून उभं राहायचं, बाकीच्यांनी कानावर हात ठेवून वल्ही मारायची.

सातवा तास घरी परतण्याचा. भिकाऱ्याच्या वेषातला ओडिसियस, उकिरड्यावर पडलेला म्हातारा कुत्रा आर्गोस, आणि पाय धुताना मांडीवरच्या जुन्या व्रणावरून त्याला ओळखणारी दाई युरिक्लिया. आर्गोस धन्याला ओळखतो, शेपटी हलवतो, कान पाडतो, पण उठून जवळ येण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते. ओडिसियसला जवळ जाता येत नाही, गेला तर सोंग उघडं पडेल. तो लपून डोळे पुसतो आणि कुत्रा मरतो. मुलं रडतात. लगेच पुढचा खेळ सुरू करून ते रडणं झाकू नका.

आठवा तास धनुष्याच्या पैजेचा आणि पलंगाचा, म्हणजे पलंगाच्या गुपितावरून पेनेलोपी नवऱ्याची ओळख पटवते त्याचा.

6. धनुष्य आलं की राम येणारच

'बाई, हे तर सीतास्वयंवर!' असं कोणीतरी म्हणणार, आणि ते म्हणायलाच हवं. दुसरं कोणी द्रौपदीच्या स्वयंवरातला मासा आठवेल. फळ्यावर दोन-तीन रकाने करा: धनुष्य कोणाचं, पैज कोणी लावली, तिथे वधू कोण. मग फरक दिसतो. इथे पैज लावणारी स्वतः पेनेलोपी आहे, धनुष्य तिच्याच नवऱ्याचं आहे, आणि बाण बारा कुऱ्हाडींतून जायचा आहे. टेलेमॅकस तीनदा प्रत्यंचा चढवायचा प्रयत्न करतो, चौथ्यांदा जमलंच असतं, पण बाप नजरेने 'नको' म्हणतो आणि मुलगा थांबतो. हा बारकावा मुलांना फार आवडतो.

कोणी कोणाचं उचललं, या वादात शिरू नका. तो वाद तास खातो आणि हाती काही लागत नाही. 'आपलं रामायण सोडून हे कशाला?' असं विचारणाऱ्या पालकांना मी हा रकान्यांचा फळा दाखवते. ज्या मुलाला रामायण येतं तोच या तासाला सगळ्यात जास्त बोलतो.

7. रक्त किती दाखवायचं

बाविसाव्या सर्गात आगंतुकांची कत्तल आहे. त्यानंतर बारा दासींना फाशी दिलं जातं आणि शेळ्या राखणाऱ्या एकाचे हाल होतात. शेवटचे दोन प्रसंग या वयाला मी सांगत नाही. कत्तल मात्र खोटी करत नाही. 'ते पळून गेले' किंवा 'त्यांनी माफी मागितली' असं सांगू नका. मोठेपणी मूळ वाचणाऱ्या मुलाला तुम्ही फसवलं होतं असं वाटेल. 'लढाई झाली, त्यात ते मारले गेले' एवढं वाक्य पुरतं. जखमांची वर्णनं नकोत.

सर्सीकडे एक वर्ष आणि कॅलिप्सोकडे सात वर्षं तो 'राहिला', एवढंच सांगा. कॅलिप्सोच्या बेटावर तो रोज किनाऱ्यावर बसून घरासाठी रडायचा, हे मात्र जरूर सांगा. वीर रडतो, हे मुलग्यांनी ऐकायला हवं.

युरिक्लिया आणि डुकरं राखणारा युमियस हे गुलाम आहेत. 'नोकर' म्हणून तो शब्द मऊ करू नका. युमियस हा राजाचा मुलगा, लहानपणी पळवून विकलेला. मुलांना अन्याय लगेच कळतो.

आणि 'हे खरंच घडलं का?' याचं सरळ उत्तर द्या. ट्रॉय मानलं जाणारं शहर हिसार्लिक नावाच्या टेकडीत सापडलं आहे, हाइनरिश श्लीमानने तिथे 1870 च्या दशकात मोठं उत्खनन केलं आणि 1998 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. युद्ध काव्यात सांगितलंय तसंच झालं का, हे सिद्ध झालेलं नाही. राक्षस आणि सर्सी कवींचे.

8. परीक्षा नको, सादरीकरण हवं

गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, हे पूर्ण टाळा. त्याऐवजी प्रत्येक गटाला एक प्रसंग द्या आणि तो वही न बघता, ठरलेल्या विशेषणांसह, डफावर सांगायला लावा. शब्द दर वेळी थोडे बदलतील. बदलू द्या, जुने गायकही तसंच करत. वहीत लिहायला द्यायचं तर पात्राच्या तोंडून द्या: पेनेलोपीची रात्र, मेंढ्याची सकाळ. सादरीकरणाला पालक आणि आजी-आजोबांना बोलवा. बोलताना अडखळणाऱ्या मुलाला उषेची ओळ द्या, ती सगळा वर्ग बरोबर म्हणतो, त्यामुळे तो एकटा पडत नाही.

9. पुढच्या वर्षी इलियडमधलं एक पान

मुलं 'आता पुढे काय?' विचारू लागली तर सहावा सर्ग काढा. हेक्टर रणांगणातून घरी येतो, तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो आणि शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून बाळ घाबरून दाईला बिलगतं. आई-बाप दोघंही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मगच बाळाला उचलतो. हा एवढा भाग पाचवीला झेपतो. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम मुलाचं प्रेत मागायला, त्याला मारणाऱ्या ग्रीक वीराच्या, अकिलीसच्या तंबूत जातो तो चोविसावा सर्ग सातवी-आठवीसाठी राखून ठेवा.